ट्रायलची डाळ

माझे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं मला आजवर पुष्कळ जणांनी समजावलं आहे. मी मान डोलावते आणि राग तसाच ठेवते. परवा सून म्हणाली, "आई, घरचं लिहून राहिल्या आहात तर जरा चांगलं चांगलं लिहा ना. लोग क्या बोलेंगे?" लोक काय बोलायचं ते बोलोत. बाबांनी मला सायकल शिकवली, टायफॉइडमध्ये उशाशी बसून राहिले, मुलगी म्हणून कधी डावललं नाही. हे सगळं खरं आहे आणि मागच्या प्रकरणांत मी ते लिहिलंही आहे. पण साहजी नावाच्या एका गिऱ्हाइकाशी ते जसे वागले त्याबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही.

आमचं घर जुन्या इंदुरात, एका पोहेवाल्याच्या दुकानाच्या वर. सकाळी कढईवर झारा आपटला की आमचा दिवस सुरू व्हायचा. बाबांची शेड सांवेर रोडला होती. तिथे ते डाळ काढायची मशिनं बनवत. आजोबा कापडाच्या मिलमध्ये कारकून होते, त्यामुळे मराठी माणसाने कारखाना काढला याचंच आमच्या नातेवाइकांत केवढं तरी अप्रूप. शेडमध्ये मोटर, पट्टे आणि रोल यांचा असा काही खरखराट चालायचा की तिथे ओरडूनच बोलावं लागे, आणि बाबा तीच पट्टी घरी घेऊन येत. त्यांचं बघून आम्हीही मोठ्याने बोलायला शिकलो. आमच्याकडे मीठ मागितलं तरी पोहेवाल्याला ऐकू जायचं, मग भांडणांचं तर विचारूच नका. बाबांच्या शर्टाला, केसांना, अगदी स्कूटरच्या सीटलाही डाळीच्या भुशाचा कोंदट, गोडूस वास असायचा. तो वास कुठे आला की मला आजही आधी माया वाटते आणि लगेच मागोमाग चीड येते.

मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते शेडमध्ये चालवून दाखवत. याला सगळे ट्रायल म्हणत. गिऱ्हाइकासमोर पोतंभर तूर मशिनात ओतायची, साल निघून पिवळीधमक डाळ खाली पडायला लागली की पहिली धार पितळी डब्यात धरायची. तो डबा बाबा स्वतः घरी आणत. आई त्या डाळीचं वरण करायची, हिंग, गूळ, वर घरचं तूप. आधी देवाला नैवेद्य, मग गिऱ्हाइकाला पाटावर बसवून तेच वरण भातावर वाढायचं. इंदुरात इतर कुणी असं करत नव्हतं. गिऱ्हाईक "दाल बढ़िया गली है" म्हणालं की बाबांचा चेहरा फुलायचा, आणि दुसऱ्या दिवशी मशिनाला हळदकुंकू लावून ते ट्रकवर चढायचं. मला ही पद्धत फार आवडायची. आपण लोखंड विकतो पण आधी जेवू घालतो, असं मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगत असे.

आता नैवेद्य म्हटला की मसूर आलीच नाही. कांदा-लसूण आमच्याकडे सर्रास चालायचा, पण मसूर घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. का, असं विचारलं की आई म्हणायची, "चालत नाही," आणि विषय संपायचा. घरात येत नाही म्हणून ट्रायलला नाही, आणि ट्रायलला नाही म्हणून शेडमध्ये मसुरीचा दाणा कधी पडलाच नाही. डाळीच्या मशिनांवर सगळं घर चालवणाऱ्या माणसाने अर्ध्या मुलखात खाल्ली जाणारी डाळ आपल्या मशिनात कधी घालून बघितली नव्हती! वर गंमत अशी की आमची तूर तरी कुठली? माळव्यात पीक कमी आलं की मंडीत बर्माची तूर यायची, जहाजाने मुंबईला आणि तिथून ट्रकने इंदूरला. देवाला बर्माची तूर बिनबोभाट चालायची.

पुढच्या खोलीत भारताचा आणि आजूबाजूच्या देशांचा एक मोठा नकाशा होता. जिथे मशीन गेलं तिथे बाबा आईच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवत. जेवण झालं की सुपारी कातरत ते नकाशासमोर उभे राहत आणि आम्हाला भूगोल शिकवत. "बघ, सगळ्यांच्या मधोमध कोण? अपन. नेपाळला समुद्र नाही. बांगलादेशाच्या तीन बाजूंना अपन. लंका आपल्या पायाशी. यांना माल पाहिजे, रस्ता पाहिजे, मशीन पाहिजे, जाणार कुठे? घूम-फिर के यहीं आना है." हे म्हणताना त्यांच्या आवाजात असा काही तोरा असे की हिमालय त्यांनीच शेडमध्ये ओतून उभा केला आहे. मी पुढे आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. भारत आणि शेजारी देश हा धडा दरवर्षी यायचा, आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य मी दरवर्षी मुलांना सांगायची, की मधोमध असणं ही आपली कमाई नाही. चौकात घर असलं म्हणून रस्ते आपल्या मालकीचे होत नाहीत. मुलं ते लिहून घ्यायची नाहीत, परीक्षेत येत नसे ना.

आणि समुद्र आम्हाला तरी कुठे होता? कोलंबोला जायचं मशीन मुंबईच्या गोदीत अडकलं की बाबा फोनवर तिथल्या एजंटावर तडकत. "समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का? आम्ही इंदूरवाले म्हणून कसेही नाचवाल?" फोन आपटून ते घरभर फिरत, मुंबईवाल्यांच्या माजाबद्दल बोलत राहत, आई त्यांना ताक देई. नंतर तेच बाबा नकाशापुढे जाऊन नेपाळकडे बोट दाखवत आणि हसत. हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात कसं मावायचं, मला अजून कळलेलं नाही.

हे 'जाणार कुठे' बाबांचं आवडतं वाक्य होतं. मिस्त्रीने पगारवाढ मागितली, जाणार कुठे. आईला भोपाळच्या शाळेत संगीताची नोकरी चालून आली होती, तेव्हा ते मामाला हसत म्हणाले होते, "अरे, करू दे अर्ज, जाणार कुठे आहे ती." आईने तो अर्ज केला नाही. मी तेव्हा लहान होते, पण दाराआड उभ्या आईचा चेहरा मी पाहिला होता.

साहजी नेपाळातल्या वीरगंजचे. बिहारमधल्या रक्सौलचा पूल ओलांडला की सीमेपलीकडे त्यांचं गाव. चाळिशीचे, बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. ते पहिल्यांदा मशीन घ्यायला आले तेव्हा आमच्याच घरी उतरले. जेवताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या तराईत मसूर उदंड पिकते, तिची डाळ काढून ते बांगलादेशला पाठवतात. मी हात धुऊन नकाशापाशी गेले. नेपाळ आणि बांगलादेश यांच्या मधे आपल्या देशाची इतकी अरुंद पट्टी आहे की माझ्या करंगळीखाली ती झाकली गेली. "बस, उतना ही आपका रास्ता बीच में है," साहजी मागून म्हणाले, "पर बहुत लंबा पड़ता है." बाबा खो खो हसले. साहजी हसले नाहीत. ते म्हणाले, "बाबूजी, ढाका वाले टूटी दाल नहीं लेते. मसूर के लिए कुछ अलग तो नहीं लगेगा मशीन में?" बाबांनी त्यांच्या पानात आणखी वरण वाढायला सांगितलं. "दाल दाल होती है, साहजी. आप फिकर ही मत करो." तुरीवर ट्रायल झाली, वरण झालं, मशीन गेलं. त्याच्या जिवावर साहजींनी वडिलांच्या वेळची जुनी चक्की काढून टाकली. वीरगंजवर टिकली लागली.

मसुरीचा हंगाम आला आणि फोन सुरू झाले. फोन बहुधा मीच उचलायची. "बेटी, बाबूजी को बोलिए, दाल टूट रही है. बहुत टूट रही है." बाबा आधी म्हणाले पट्टा ढिला असेल, मग म्हणाले ऑपरेटर नवा असेल, मग नेपाळची वीजच खराब. त्यानंतर ते मला हाताने खुणावायला लागले, घरी नाही म्हणून सांग. मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा रिसीव्हर त्यांच्या पुढ्यात ठेवून निघून गेले. त्यावरून माझ्यावर केवढा आरडाओरडा झाला, खाली पोहेवाल्यालाही कळलं असणार. साहजींचा ढाक्याचा व्यापारी एक खेप परत पाठवून बसला होता. दुसरीही तशीच गेली असती तर त्याने दुसरा माणूस धरला असता आणि साहजींची मिल बंद पडली असती. हे त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते बाबांना शब्दन् शब्द सांगितलं होतं. कळलं नाही असं म्हणायला त्यांना जागाच नव्हती.

होळी उलटल्यावर एका सकाळी साहजी दारात उभे. गाड्या बदलत बदलत आले होते, आणि बरोबर त्यांच्या शेतातल्या मसुरीचं पोतं. हमालाने ते जिन्यावरून वर आणलं आणि आमच्या उंबऱ्याशी ठेवलं. साहजी हात जोडून म्हणाले, "मैंने सोचा आपके यहाँ मसूर नहीं होगी, तो लेता आऊँ. इसी पर एक बार चला के देख लीजिए." मी त्या वाक्याचा पुढे कितीदा विचार केला असेल! मशीन आमचं, खोट आमची, आणि तपासायला लागणारं धान्य तो माणूस दुसऱ्या देशातून डोक्याशी घेऊन झोपत आला होता.

बाबांनी त्यांना पोहे-जिलबी खाऊ घातली, राजवाडा दाखवला, रात्री सराफ्यात खायला नेलं, आणि मशिनाचा विषय काढला की "कल देखते हैं भिया" म्हणत राहिले. असे तीन-चार दिवस गेले. पोतं उंबऱ्याबाहेरच होतं, कारण आत आणायची सोय नव्हती. शेवटी एका दुपारी आईने त्यातली मसूर ओंजळभर काढली, मागच्या गच्चीत शेगडी पेटवली आणि त्या मसुरीचं कांदा घालून वरण केलं. बाबांनी वासावरून ओळखलं.

"हे काय चाललंय घरात?"

"पाहुण्यांना त्यांच्या गावचं करून वाढते आहे," आई म्हणाली. "रोज आपलंच गोड वरण किती खातील?"

"देवाचं घर आहे हे. मसूर चालत नाही, माहीत नाही तुला?"

"देवाला नाही दाखवत मी. पण यांना मशीन विकलं तेव्हा विचारलं होतं का देवाला?"

 आई त्यांना असं कधी बोलत नसे. साहजींना मराठी कळत नव्हतं, तरी ते ताटावरची मान वर करेनात. जेवण होताच मी म्हटलं, "बाबा, आज शेडमध्ये जाऊ या. आज म्हणजे आज. मी पण येणार." मी कॉलेजात गेले होते नुकतीच, आवाज बाबांचाच घेतलेला होता. ते "चल" म्हणाले ते मला वाटतं आईच्या नजरेतून सुटायला.

मसुरीचं पोतं टेम्पोत घालून आम्ही शेडवर गेलो. तिथे एक नवं मशीन तयार होतं. जवळच्या बेटमा गावचं एक गिऱ्हाईक ते न्यायला आलं होतं. त्याच्यासमोर तुरीची ट्रायल नुकतीच झाली होती, डाळ झक्क निघाली होती. बाबा पुन्हा उद्यावर ढकलणार, तेवढ्यात बेटम्याचा माणूसच म्हणाला, "डालो ना भिया मसूर, अपन भी देख लेते हैं." आता बाबांना माघार घेता येईना. मिस्त्रीने मोटर सुरू केली, साहजींनी स्वतः पोतं उचलून तोंडाशी बरंचसं रिकामं केलं. मी खाली चाळणीशी उभी होते. केशरी डाळ पडायला लागली आणि एका क्षणात मला दिसलं की ती डाळ नाहीच. चुरा होता. तुकडे, कण, पीठ. साहजींनी दोन्ही हात त्यात घातले आणि वर धरले. बोटांमधून केशरी पीठ गळत होतं.

बाबांनी मूठभर उचललं, निरखलं, पोत्याच्या तळाशी उरलेला एक दाणा दाताखाली फोडला. त्यांना कळलं होतं. मी त्यांची मुलगी आहे, त्यांचा चेहरा मला वाचता येतो. रोलवरचा एमरीचा खरखरीत थर मसुरीला फार भरड होता, रोलची फिरकी फार जोरात होती. नंतर त्यांनी घरात आईजवळ हे सगळं कबूलही केलं. पण तिथे, बेटम्याच्या गिऱ्हाइकासमोर, त्यांनी दाणा थुंकला आणि म्हणाले, "माल गीला है, साहजी. गीला माल तो टूटेगा ही."

मी पोत्यात हात घालून उरलेले दाणे त्यांच्या पुढ्यात खुळखुळवले. "बाबा, वाजते आहे ही. ओली कुठे आहे?"

"तू घरी जा."

"ऐका ना, वाजते आहे!"

"घरी जा म्हटलं ना!"

बेटम्याच्या माणसाने मान हलवून बाबांची री ओढली. त्याला तुरीशी मतलब होता. साहजी माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "रहने दो, बेटी."

घरी मी बाबांवर ओरडले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. एक रोल बदलायचा होता, एक पुली बदलायची होती, बारीक भोकांची चाळणी लावायची होती. बाबा म्हणाले, "त्याच्यासाठी बदललं म्हणजे मशिनात खोट होती असं झालं. मग बाकीचे पण येतील. पुढच्या वर्षी मसुरीचं वेगळं मॉडेल काढू, तेव्हा घेईल तो." मी विचारलं, तोपर्यंत त्याने काय करायचं? बाबा हसले. खरंच हसले, आणि त्यांचं ते वाक्य म्हणाले. मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मला मागे घ्यावासा वाटत नाही.

स्टेशनवर साहजींना सोडायला टेम्पोतून मी गेले. बाबांना काम निघालं होतं. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या मी त्यांच्या हातात दिल्या आणि बाबांच्या वतीने माफी मागायला लागले. इतके दिवस एक वाकडा शब्द न बोललेला तो माणूस तेव्हा तापला. "माफ़ी लेकर मैं क्या करूँगा, बेटी? घर जाऊँगा तो मिल के लोग फाटक पर खड़े होंगे. पूछेंगे, इंडिया वालों ने क्या कहा. क्या बोलूँ मैं? कि हमारी मसूर गीली थी?" गाडी हलली तेव्हाही ते माझ्याकडे बघत नव्हते. दशम्या मात्र त्यांनी घेतल्या, आईचं नाव सांगितलं होतं म्हणून.

मी परत आले तेव्हा शेडमध्ये उरलेली मसूर, चुऱ्यासकट, बाबांनी गोशाळेत पाठवून दिली होती. घरी न्यायची नाही आणि टाकायची पण नाही, म्हणून. पुण्याचं काम झालं, असं वर म्हणाले.

मसुरीचं मॉडेल बाबांनी कधी काढलं नाही. वीरगंजहून पुन्हा फोन आला नाही, आणि हळूहळू नेपाळातल्याच विराटनगर, जनकपूरचे फोनही थांबले. त्या लोकांत एकमेकांना विचारल्याशिवाय कुणी मशीन घेत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. बाबा म्हणत, मंदी आहे.

खूप वर्षांनी, बाबा थकले होते आणि शेड भाड्याने दिली होती तेव्हाची गोष्ट. सीमेपर्यंत ट्रक पाठवणारा एक ट्रान्सपोर्टवाला त्यांना भेटायला आला. मी माहेरी आले होते. त्याने सहज सांगितलं की साहजींच्या मुलाने मिल पुन्हा उभी केली आहे, मोठी केली आहे, आणि मशिनं चीनची आहेत. कोलकात्याच्या बंदरात उतरली आणि आपल्याच मालगाडीने रक्सौलला गेली. बाबा एकदम सरसावून बसले. मोटर केवढी, रोल कुठला, चुरा किती पडतो, सगळं खोदून खोदून विचारलं. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "एक दाना नहीं टूटता, चाचाजी. उन लोगों ने बनाने से पहले मसूर मँगवा ली थी वहीं से, बोरी भर के. उसी पर चला-चला के देखी, फिर भेजी."

 तो गेल्यावर मी बाबांसमोर चहा ठेवला. कपाकडे न बघता ते म्हणाले, "यात काय मोठं आहे? आपल्याला कुणी असा माल आणून दिला असता, तर अपन पण बनवून दिलं असतं."

"आणून दिला होता, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही गायींना घातलात."